माइक बंद असताना

(लग्नाच्या हॉलमधली साउंडची केबिन. वर माळ्यावर, काचेआड. टेबलावर वायरींच्या गुंत्यात जेवणाचा डबा उघडलेला. खाली कुणीतरी खुर्च्या मांडतंय.)

बाबा : त्याला? त्या मधुकंठाला? माझ्या मुलीचं लग्न लावायला? त्यापेक्षा मी स्टेजवर रेडिओ लावून ठेवतो.

मुलगी : बाबा, आधी जेवून घ्या.

बाबा : नाही, पण तू नाव काढलंसच कसं त्याचं? गोड बोलतो म्हणून? अगं, तो गोड बोलतो ते मी बटण वर केल्यावर. बटण खाली असताना काय बोलतो ते माझ्या कानांना विचार. त्याच्या कोटाला माइक लावतो कोण? मी. लावला की हॉलमध्ये काही ऐकू जात नाही, पण मला इथं हेडफोनवर सगळं येतं. मागच्या वर्षी एका लग्नाला जिना चढता चढता म्हणतो, 'कसले एकेक नमुने लग्न करतात हल्ली.' वर पोचला, मी बटण सरकवलं, तर लगेच, 'या क्षणी माझं हृदय भरून आलं आहे.' दोन पायऱ्यांत भरलं! टाकी भरायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

आई : त्याचा कोट माझ्या लॉन्ड्रीत येतो. कॉलर हातात धरवत नाही. एकदा खिशातून या हॉलचे चमचे निघाले होते.

बाबा : बघ! आणि मॅनेजर बिचाऱ्या वाढप्यांवर डाफरत होता.

आई : मी धुऊन परत ठेवले. खिशात.

बाबा : खिशात कशाला?

आई : कोट त्याचा होता ना. आपण जसा आला तसा द्यायचा.

मुलगी : हे बघा, चमचे राहू देत. उद्या दुपारपर्यंत लग्न लावणाऱ्याचं, म्हणजे कुणातरी परवानेवाल्याचं, नाव नोंदणी ऑफिसात द्यायचंय. नाही दिलं तर आमची तारीख जाते, आणि पुढची तारीख मिळेपर्यंत तुमचा जावई नव्या नोकरीवर रुजू झालेला असेल, समुद्रापलीकडे. मी मागेच बसून राहायचं. हे तुम्हाला नीट कळलंय ना?

बाबा : कळलंय. म्हणून काय कुणालाही उभं करायचं स्टेजवर? लिफ्ट दुरुस्त करणारा मुलगा केलास, मी काही बोललो नाही.

मुलगी : बोललात. 'वर-खाली करण्यात आयुष्य जाणार' म्हणालात.

बाबा : ते कौतुकानं म्हणालो.

आई : हो, तुमचं कौतुक मी ओळखते. तीस वर्षं अंगावर घेतेय.

मुलगी : बरं, मधुकंठ नको. मग त्या न्यायाधीशबाई? निवृत्त झाल्यापासून लग्नं लावतात. मोजकं बोलतात.

बाबा : घड्याळबाई! मोजकं नाही बोलत गं, मोजून बोलते. तिला पुढच्या हॉलवर जायचं असतं. स्टेजवर जायच्या आधी माझ्या हेडफोनात काय येतं सांगू? 'मुलीचं नाव काय म्हणालात? लिहून द्या हो कुणीतरी.' कुणीतरी तळहातावर लिहून देतं. मग बाई तळहात समोर धरून, आशीर्वाद दिल्यासारखा, नाव वाचतात! लोकांना वाटतं काय प्रेमळ बाई आहे. एकदा घामानं अक्षरं पुसली गेली, तर नवरीला सगळं लग्नभर 'ही कन्या' म्हणाली. नवरीचा काका बाहेर येऊन डोळे पुसत होता, म्हणे, किती आपुलकीनं बोलल्या.

आई : लोक आपले रडायलाच आलेले असतात. तुम्ही त्यांच्या रडण्यावर कशाला जळता?

बाबा : मी जळत नाही. मला कीव येते. खाली तीनशे माणसं बसलेली असतात आणि त्यातल्या एकालाही कळत नाही की समोरचा आपल्याला उल्लू बनवतोय. मला एकट्याला कळतं. एवढी वर्षं मी एकटा ते ऐकतोय.

मुलगी : आणि प्रोफेसर?

बाबा : दोन नद्या! तू ऐकलीस का कधी त्याची दोन नद्यांची गोष्ट? 'दोन नद्या दोन डोंगरांतून निघतात आणि...' पुढचं मला झोपेत म्हणता येईल. डॉक्टरांचं लग्न असो, ड्रायव्हरचं असो, त्या दोन नद्या निघाल्याच. गेल्या हिवाळ्यात इथल्या जुन्या मॅनेजरची शोकसभा होती, तिथंही यानं नद्या सोडल्या. एक नदी समुद्राला मिळाली म्हणे आणि दुसरी वाट बघतेय. त्या मॅनेजरची बायको पुढच्या रांगेत बसलेली. तिला काय वाटलं असेल?

आई : तिला पोहता येतं. ती काळजी करू नका.

बाबा : तू चेष्टा कर. पण मला सांग, या तिघांपैकी कुणाच्या तोंडून माझ्या मुलीचं नाव ऐकायचं मी? माइक लावताना मी त्याच्या छातीजवळ उभा राहणार, आणि तो मनातून म्हणत असणार, उरकू या लवकर. मला नाही सहन व्हायचं ते. दुसऱ्यांच्या मुलींच्या वेळी मी हसतो. तुझ्या वेळी मला हसता येणार नाही गं.

मुलगी : मला माहीत आहे.

बाबा : माहीत आहे तर मग त्यांची नावं कशाला घेतेस?

मुलगी : तुम्हाला कोण नको आहे ते ऐकायला नव्हते घेत. तुम्हीच सुरू झालात. मी नुसतं सांगणार होते की मी तिघांना भेटून आले.

बाबा : भेटून आलीस? मला न विचारता? बरं, मग आता जाऊन सांग त्यांना, नको म्हणून. मी सांगू का? मला आवडेल सांगायला.

मुलगी : गरज नाही. तिघांनीही नाही म्हटलं.

बाबा : कशाला नाही म्हटलं?

मुलगी : आमचं लग्न लावायला.

बाबा : तुमचं लग्न लावायला? त्या मधुकंठाला काय झालं? तो तर दुकानाचं शटर उघडायलासुद्धा जातो, फीत कापायची असली की!

मुलगी : त्यानं मला सरबत दिलं, बसवलं आणि म्हणाला, 'बाळ, तुझ्या वडिलांच्या हॉलमध्ये, तुझ्या वडिलांच्या माइकवर, तुझंच लग्न? नको. मला माझी अब्रू आहे.' न्यायाधीशबाईंनी तर दारातच विचारलं, 'तू त्या साउंडवाल्याची ना?' आणि दार लावलं. प्रोफेसर बरे म्हणायचे. ते निदान खोटं बोलले. म्हणाले गावाला जायचंय.

बाबा : कमाल आहे. मी काय केलंय यांचं?

आई : आता हे मला विचारू नका. मी डब्याचं झाकण शोधतेय.

मुलगी : स्टाफच्या पार्टीत तुम्ही काय वाजवलं होतं, बाबा?

बाबा : ते? ते होय! अगं, ती तर गंमत होती. वर्षभराचं सगळं जमवलं होतं मी, एक एक तुकडा निवडून. माइक बंद असताना कोण काय बोललं! मध्ये मध्ये बँडचा तुकडा टाकला होता. स्वयंपाकी टेबलावर डोकं ठेवून हसत होता. मॅनेजर म्हणाला, दरवर्षी करा हे.

मुलगी : त्यातला प्रत्येक शब्द आता सगळ्यांना पाठ आहे. वाढपी दुसऱ्या हॉलवर जातात, तिथं सांगतात. मधुकंठ स्टेजवर चढला की मागून पोरं म्हणतात, 'कसले एकेक नमुने.' त्याचे स्वतःचे जावईसुद्धा म्हणतात.

बाबा : म्हणू देत! शब्द कुणाचे आहेत? मी काय पदरचं घातलं? जे बोलला तेच वाजवलं. आरसा दाखवला तर आरशावर राग?

आई : हो? मग तुम्ही झोपेत काय बोलता ते लावू का मी लॉन्ड्रीत, काउंटरवर? गिऱ्हाइकांचा वेळ छान जाईल.

बाबा : मी काय बोलतो झोपेत?

आई : कळेल. पार्टीत.

बाबा : हे बघा, मला दोघींनी मिळून कोपऱ्यात घेऊ नका. नाही म्हणाले ना? बरं झालं. ब्याद गेली. जगात काय तीनच माणसं आहेत लग्न लावणारी? परवाना काय, कुणालाही मिळतो. अर्ज करायचा, फोटो चिकटवायचा. म्हणून तर असली खोगीरभरती झालीये.

मुलगी : मी सगळ्यांना विचारलं. ज्यांच्या ज्यांच्याकडे परवाना आहे आणि जे या हॉलवर येतात, त्या सगळ्यांना. एक सोडून सगळे नाही म्हणाले. एकानं हो म्हटलंय.

बाबा : कोण तो शूर वीर?

मुलगी : तुम्ही ज्यांना खाकरेबुवा म्हणता, ते.

बाबा : ... थट्टा करतेस.

मुलगी : नाही.

बाबा : खाकरे? तो निवृत्त पोस्टमन? अगं, तो बोलायच्या आधी इतका खाकरतो की पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं त्याच्याबरोबर खाकरायला लागतात! एकेका शब्दाला अडतो. माझं बोट बटणावर दुखायला लागतं. मधुकंठ चोर असेल, पण निदान त्याचं वाक्य पुरं होतं. सगळ्यांत टाकाऊ माणूस शोधून काढलास तू. शाब्बास.

मुलगी : त्यांनी हो म्हटलंय.

बाबा : म्हणणारच. त्याला विचारतं कोण? पार्टीनंतर तर इथं फिरकलासुद्धा नाही. मी म्हटलं, सुटलो.

मुलगी : इथंच नाही, कुठंच फिरकले नाहीत. त्या पार्टीपासून त्यांनी एकही लग्न लावलेलं नाही.

बाबा : म्हातारा झालाय. घसा बसला असेल.

मुलगी : बाबा, ते होते त्या पार्टीत.

बाबा : छे. स्टाफची पार्टी होती ती.

मुलगी : मॅनेजरची छत्री परत द्यायला आले होते. पोस्टमन ना, वस्तू ज्याची त्याला पोचवल्याशिवाय चैन पडत नाही. स्वयंपाक्यानं बसवून घेतलं, खाऊन जा म्हणाला. मागे दाराजवळ, ताट मांडीवर घेऊन बसले होते. आणि तुम्ही वाजवलंत.

बाबा : त्याचा तुकडा तर लहानसाच होता.

आई : तीनदा वाजवलात तो. मागे ढोल घालून.

मुलगी : काय होतं त्यात, म्हणा ना.

बाबा : जाऊ दे आता.

मुलगी : नाही, म्हणा. मधुकंठाचं तुम्ही मला तालासुरात म्हणून दाखवलंत. घड्याळबाईंचं हातवारे करून दाखवलंत. हेही दाखवा.

बाबा : अगं, काही नाही. स्टेजवर जायच्या आधी आपल्याशीच पुटपुटतो तो. 'घाबरू नकोस. दोघांची नावं नीट घे. घाबरू नकोस.' बस. एवढंच.

आई : एवढंच.

बाबा : ऐकायला मजेशीर वाटतं ते! एवढा घोड्याएवढा माणूस, केस पांढरे झालेले, आणि लहान मुलासारखा स्वतःला धीर देतोय. कुणालाही हसू येईल.

मुलगी : आलं ना सगळ्यांना. ते ताट ठेवून उठले, जाताना स्वयंपाक्याला छान झालं होतं म्हणाले.

बाबा : तुला कुणी सांगितलं हे?

मुलगी : त्यांनीच. काल गेले होते. सायकलच्या दुकानावर खोली आहे त्यांची. खुर्ची एकच आहे, ती मला दिली आणि स्वतः कॉटच्या कडेवर बसले. मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानातूनच चष्मा नेतात, त्यामुळे मला ओळखतात. मी कुणाची मुलगी हे मात्र माहीत नव्हतं. मीच सांगितलं. न सांगता हो म्हणवून घ्यायला मला लाज वाटली असती.

बाबा : मग? शिव्या घातल्या असतील मला.

मुलगी : नाही. म्हणाले, 'तुझ्या वडिलांनी आवाज फार स्वच्छ पकडला होता. मला वाटायचं मी मनात बोलतो. मोठ्यानं बोलतो हे मला ठाऊकच नव्हतं.'

आई : ऐकलंत?

बाबा : ऐकतोय.

मुलगी : मग म्हणाले, माइक लावला की आता त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. घरात आरशासमोर करून बघितलं, छातीला कपड्यांचा चिमटा लावून. तेवढ्यानंसुद्धा जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून सोडून दिलं. मी उठायला लागले, तर म्हणाले, 'थांब. तुझं लग्न लावीन मी. पण माइक नको.'

बाबा : माइक नको?

मुलगी : माइक नको. छातीवर नको, समोर नको, कुठंच नको. ते आमच्याजवळ उभे राहतील आणि बोलतील. ज्यांना ऐकू येईल त्यांना येईल.

बाबा : वेडी झालीस का? या हॉलमध्ये? छत बघितलंस किती उंच आहे ते? माइक नसला तर तिसऱ्या रांगेच्या पलीकडे घोंगावण्याखेरीज काही पोचणार नाही. साउंडवाल्याच्या मुलीचं लग्न, आणि आवाज नाही! लोक माझ्या तोंडावर थुंकतील.

आई : मागच्या रांगेतले जेवायला आलेले असतात. त्यांना कधी ऐकू गेलंय?

बाबा : तू नको मध्ये बोलूस. हा माझ्या कामाचा प्रश्न आहे.

आई : माझ्याही मुलीचा आहे.

बाबा : ऐक, ऐक. भांडू नका. मार्ग आहे. स्टेजवर ती फुलदाणी असते ना, मोठी? तिच्यात एक लहान माइक बसवतो. फुलांच्या आत. त्याला दिसणार नाही, कळणार नाही, तो आपला सुखानं बोलेल. हॉलला ऐकू जाईल, त्याचीही घाबरगुंडी नको. आणि मी इथून आवाज असा सांभाळीन की... काय झालं? असं का बघतेस?

मुलगी : आई, डबा भर. आपण निघू.

बाबा : अगं, पण मी तुझ्यासाठीच...

मुलगी : तुम्ही त्यांचं एकट्याचं बोलणं चोरलंत, ते मला समजत होतं. तुम्हाला वाटलं गंमत आहे. पण हे आत्ता, सगळं ऐकल्यावर? ते मला तोंडावर सांगतात माइक नको, आणि तुम्ही फुलांत लपवता? मधुकंठ परवडला, बाबा. तो निदान आपलं खोटं आपल्याच तोंडानं बोलतो.

बाबा : मधुकंठाशी तुलना करू नकोस माझी.

मुलगी : का नको? तो खालच्या लोकांना नमुने म्हणतो. तुम्ही त्यालाही म्हणता, आणि खालच्यांनाही. मला लहानपणी इथं स्टुलावर बसवून दुसरा हेडफोन द्यायचात, आठवतं? मला वाटायचं बाबांना सगळ्यांचं खरं ऐकू येतं. आता वाटतं, तुम्हाला फक्त वाईट तेवढंच ऐकू येतं. एक माणूस, देवळात जाताना जपून पाऊल टाकावं तसा, नावं घोकत होता. ते तुमच्या कानात शिरलं, आणि तुम्हाला ढोल सुचला. मी आता सरळ सांगते. उद्या मी त्यांचं नाव देणार. माइक नसेल. तुम्हाला ते जमणार नसेल, तर आम्ही ऑफिसात जाऊन दोघं सह्या करून येऊ, आणि तुम्ही इथं फुलदाणी ऐकत बसा. मला वाईट वाटेल. खूप वाईट वाटेल. पण मी करीन.

बाबा : करशील तू. तुझ्या आईवर गेलीस.

आई : देवाची कृपा.

बाबा : मग काय, आता मी जाऊन त्याच्या पाया पडू? माफी मागू? सायकलच्या दुकानावर चढून?

मुलगी : त्यांनी काही मागितलेलं नाही. एक माइक नको म्हणालेत. एवढंच मागितलंय.

बाबा : आणि ते खाकरणं? माझ्या मुलीच्या लग्नात तो असा अडत अडत... बरं. बरं, नाही बोलत. फुलदाणी राहिली. झालं? नाही ठेवत मी काही फुलांत. शपथ नको घालूस, मी म्हणतोय ते पुरे आहे.

आई : पुरे नाही, पण चालवून घेऊ. त्या दिवशी फुलदाणीच नको स्टेजवर.

बाबा : विश्वास बघा माझ्या बायकोचा.

आई : तीस वर्षांचा आहे. झिजतो.

बाबा : आणि हे बघ, ते तुकडे... पार्टीचे... ते मी पुसून टाकतो. आज घरी यायच्या आधी. सगळे. मधुकंठाचाही.

मुलगी : मी नव्हतं सांगितलं तसं.

बाबा : नव्हतं सांगितलंस. म्हणून तर करतोय. सांगितलं असतंस तर भांडलो असतो.

आई : मधुकंठाचा राहू दे एखादा. घरी ऐकायला.

मुलगी : आई!

आई : बरं बाई. पुसा.

बाबा : पण मग माइक नाही, स्पीकर नाही... या केबिनमध्ये त्या वेळी मी करू काय? काचेतून नुसता बघत बसू? तोंडं हलताना दिसतील, आवाज काही नाही.

मुलगी : केबिनमध्ये थांबायचंच नाही. दार लावायचं आणि खाली यायचं.

बाबा : खाली? लग्न चालू असताना?

मुलगी : मुलीचे वडील ना तुम्ही?

बाबा : अगं, मी कधी बसलोच नाही खाली. तुझ्या मावशीच्या लग्नातसुद्धा इथंच होतो. हात कुठं ठेवायचे तेसुद्धा कळायचं नाही मला.

आई : माझ्या पर्सवर ठेवा. मला डोळे पुसायला दोन्ही हात लागतील.

बाबा : तू रडणार?

आई : मग काय तुमच्यासारखी हेडफोन लावून बसू?

बाबा : ... बरं, ते... मुलीचा बाप कुठं बसतो?

मुलगी : कुठं म्हणजे? एवढी लग्नं झाली तुमच्यासमोर.

बाबा : झाली. पण इथून फक्त स्टेज दिसतं. पुढची रांग नाही दिसत. मध्ये खांब येतो.

मुलगी : चला खाली. दाखवते.